कानशीचा उतार

दवाखान्याच्या तळघरातल्या कार्यशाळेत एक फिटर होता. चाकांच्या खुर्च्या, सलाईनचे स्टँड, खाटा, जे मोडेल ते तो दुरुस्त करायचा. हाताला कसब होतं, पण दुरुस्ती करता करता काहीतरी नवीनच करून बसायची खोड. कार्यशाळेतले त्याला जुगाडू म्हणत. बायको उपद्व्यापी म्हणे, कारण घरातला धडधाकट पंखाही त्याने दोनदा खोलून ठेवला होता. त्याला स्वतःला एकच शब्द हवा होता, शोधक. नेमका तोच कुणाच्या तोंडून येत नव्हता.

नऊ वर्षांपूर्वी त्याने खाटेच्या कठड्यासाठी एक खटका बनवला. सिस्टरांचे दोन्ही हात कायम भरलेले, कठडा खाली करायला तिसरा हात आणायचा कुठून? हा खटका कोपराने दाबला की उघडायचा. मोठ्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि "छान" म्हटलं. एवढंच म्हटलं. सगळ्या खाटांना खटके बसवायचं ठरलं, समारंभ झाला, भिंतीवर पितळी पाटी लागली. पाटीवर डॉक्टरांचं नाव आणि पुढे 'जनक'. पत्रकात तेच 'संकल्पक'. फिटरच्या वाट्याला 'कार्यशाळेचे सहकार्य' आलं, म्हणजे त्यात कोपऱ्यातलं पाण्याचं पिंपही आलं.

मिरच्या झोंबणार नाहीत तर काय! पण हा मूग गिळून गप्प बसला, आणि गप्प बसून त्याने एक गोष्ट केली. बाहेरच्या कारखान्यासाठी त्याच्याकडून खटक्याचा नकाशा मागितला होता. त्याने सगळं काढून दिलं, एक उतार सोडून. खटक्याची जीभ खाचेत बसते, त्या जिभेच्या पोटाला तो कानशीने बारीकसा उतार द्यायचा. त्यामुळे लोखंड झिजलं तरी जीभ खाचेत आणखी घट्ट रुतायची. तो उतार त्याच्या हातात होता, कागदावर गेला नाही.

"येतील झक मारत विचारायला," तो मनाशी म्हणाला. "तेव्हा कळेल डोकं कोणाचं ते."

कुणी आलं नाही. सरळ जिभेचे तीनशे खटके तयार झाले, बसले आणि मजेत चालू लागले. नवा खटका उताराशिवायही धरतो, घोडं अडतं ते झिजल्यावर. हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिल्या वर्षी त्याच्या ओठांवर आलं होतं. दुसऱ्या वर्षी सांगायचं तर आधी का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. मग तो दुरुस्तीला आलेला एखादा खटका गुपचूप घासून द्यायचा. असे चाळीसेक झाले. उरलेल्यांकडे त्याने कानाडोळा केला.

गेल्या आठवड्यात बायकांच्या वॉर्डात एक म्हातारी कठड्याला धरून कुशीवर वळली. खटका सुटला, कठडा पडला, त्याच्यासोबत तीही. खुब्याचं हाड मोडलं. चौकशी समिती बसली आणि फिटरच्या घरी पत्र आलं. 'सदर खटक्याचे मूळ रचनाकार' आणि पुढे त्याचं पूर्ण नाव. जे डॉक्टरांनी नऊ वर्षं मिरवलं, ते एका दुपारीत परत केलं होतं.

बायको वाटाणे सोलत होती. तिने पत्र वाचलं.

"अहो, पाटीवर नाव त्यांचं ना? मग त्यांनाच निस्तरू दे. तुम्ही सांगा, मी फक्त सांगितलेलं काम केलं."

"खटका माझा आहे."

"नऊ वर्षं हेच ऐकतेय, माझा, माझा! आज तरी नाही म्हणा. चार वर्षं राहिलीत नोकरीची."

तेव्हा त्याने तिला उताराचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणालातरी सांगत होता. सांगताना त्याला स्वतःचा आवाज ऐकवेना. तिने वाटाण्याचं भांडं खाली ठेवलं.

"किती खाटा राहिल्यात अशा?"

"अडीचशेच्या वर."

"आणि त्यांवर माणसं आहेत? आत्ता?"

"हो."

तिने पत्र उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने चपला घातल्या.

समितीत तिघं होते. मोठे डॉक्टर टेबलाच्या टोकाला चष्मा पुसत बसले होते. फिटरने दोन जिभा टेबलावर ठेवल्या, एक सरळ, एक उताराची, आणि फरक दाखवला.

"मग हा उतार नकाशात का नाही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी काढला नाही."

"विसरलात?"

डॉक्टरांचा चष्मा पुसणारा हात थांबला. नुसतं हो म्हटलं असतं तर निभावलं असतं. विसरणाऱ्याला ताकीद मिळते आणि तो घरी जातो.

"नाही बाई, मुद्दाम. पाटीवर माझं नाव नव्हतं म्हणून. ते नंतर लिहा, आधी सगळे कठडे बँडेजच्या पट्टीने बांधायला सांगा. आजच."

"मला याची काहीच कल्पना नव्हती," मोठे डॉक्टर म्हणाले. संकल्पक माणसाला कल्पना नव्हती! अध्यक्षबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग त्यांनी वॉर्डांत निरोप धाडला आणि फिटरला निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नका म्हणून सांगितलं.

बाहेर बाकावर म्हातारीची मुलगी बसली होती. तिलाही जबाब द्यायला बोलावलं होतं. ती उठून त्याच्यासमोर आली.

"तो खटका तुम्हीच शोधून काढलात ना?"

नऊ वर्षं तो या प्रश्नाची वाट पाहत होता. अंघोळ करताना त्याचं उत्तरही घोकलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना.

"हो. मीच."

"मग तुम्हाला माहीत असेल. आई सारखी म्हणतेय, माझंच चुकलं, कठडा धरायला नको होता. तिचं चुकलं का हो?"

"नाही. काहीच चुकलं नाही त्यांचं."

"एवढं तिला सांगाल? माझं ऐकत नाही ती."

तो तिच्यामागून वॉर्डात गेला. मुलीने आईच्या कानाशी वाकून सांगितलं, हे खटका बनवणारे. म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला तोंड उघडायची संधीही न देता हात जोडले.

"माफ करा हो," ती म्हणाली. "तुमची एवढी चांगली वस्तू माझ्या हातून मोडली."