शंकराचं सोंग

"बघा सायब, बघा! पडली का न्हाई हातोडी? दुपार झाली न् झाली, ह्याचं सोंग सुरू," मुकादम आबासाहेब म्हणाले.

मी पाहिलं. पुंजारामच्या हातातली हातोडी खडीच्या ढिगावर पडली होती आणि अर्ध्या मिटल्या पापण्यांनी तो तिच्याकडे बघत होता. सकाळी याच माणसानं सगळ्या टोळीच्या आधी पाट्या भरल्या होत्या. आता त्याची बायको चांगुणा त्याच्या वाट्याची खडी फोडू लागली. तो बाभळीखाली जाऊन आडवा झाला. तासाभरानं उठला तो पुन्हा ताजातवाना.

त्र्याहत्तर साल होतं. कर्जत तालुक्यातलं दुष्काळी काम, आणि मी तिथला हजेरी कारकून. संशय घेण्याचाच मला पगार होता म्हणा ना! एकाच अंगठ्याचे तीन नावांपुढचे ठसे मी पकडले होते. मग सकाळी पैलवान आणि दुपारी लुळा, हा माणूस मला खरा कसा वाटावा?

पुंजारामनं मला पुण्याच्या मोठ्या दवाखान्याचा कागद दाखवला. त्यावरचं आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव मला धड वाचताही येईना.

"डाक्टर म्हनलं, लाखात एखाद्यालाच हुतो," तो म्हणाला. "काम करंल तशी ताकद वसरती. निजलं की माघारी येती. गोळ्या हायेत, पन त्या पुन्यालाच मिळत्यात. संपल्यात."

"लाखात एक! आन् त्यो नेमका आमच्याच टोळीत," आबासाहेब हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

चैत्रात टोळीच्या गावची जत्रा आली. दुष्काळ असो नाहीतर काही, भैरोबापुढं सोंगांची मिरवणूक निघायचीच. बैल चारा छावणीत होते, म्हणून गाड्या माणसांनीच ओढायचं ठरलं. आणि शंकराचं सोंग कोण घेणार, तर आमचे पुंजाराम! आदल्या दिवशी मी त्याला मुद्दाम छेडलं, "काय रे, हातोडी पेलवत नाही, त्रिशूळ बरा पेलवतो?"

तो चिडला नाही. एरवी दोन शब्द बोलायचा नाही, पण त्या दिवशी भडाभडा बोलला.

"आदी मी भीमाचं सोंग घ्यायचो. नऊ वर्सं झाली, भर मिरवनुकीत गदा गळाली हातातनं. समदं गाव हासलं. मग मीच म्हनलं, मला म्हादेव द्या. भीमाला डोळं वटारावं लागत्यात. म्हादेवाचं अर्धंच उघडं असत्यात, माजं हायेतच तसं." तो थांबला. "वर्सभर लोक मला आळशी म्हनत्यात, सायब. त्या एका दिसाला पाया पडत्यात. त्येवढ्यासाठी जगतो मी."

ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. पण माझ्या मनात आलं, उद्या गडी आयता सापडतोय.

कारण रीत कडक होती. वेशीपासून देवळापर्यंत तीन तास सोंगानं मान टाकायची नाही. टाकली तर देव रुसला म्हणायचं आणि सोंग दुसऱ्या घराला द्यायचं. आणि तीन तास ताठ बसला, तर त्याचा आजार खोटा ठरणार. बाईमाणसानं तर सोंगाच्या गाडीला हातसुद्धा लावायचा नाही.

मिरवणुकीच्या दिवशी पुंजाराम दुपारपर्यंत निजून होता. तिसऱ्या प्रहरी गाडी निघाली. अंगभर राख, तागाच्या जटा, पाठीशी गोणपाटाचा चुना फासलेला कैलास. खोटं कशाला सांगू, माझेही हात नकळत जोडले गेले. मग मी सावध झालो आणि गाडीच्या बाजूनं चालू लागलो. पलीकडून आबासाहेब चालत होते.

चावडीपाशी त्रिशूळ थरथरू लागला. जबडा सैल पडला. पापण्या पार मिटल्या आणि मान हळूहळू पुढं कलू लागली. आबासाहेबांनी मला खूण केली. आणि एकाएकी मान ताठ झाली! लोकांनी गुलाल उधळला.

मला राहवेना. मी गाडीमागं गेलो आणि गोणपाटाच्या फटीतून आत डोकावलो. आत अंग चोरून चांगुणा बसली होती. तिचा हात जटांमध्ये शिरला होता आणि तिनं नवऱ्याची मान मागून धरून ठेवली होती. तिनं मला पाहिलं, पण हात सोडला नाही.

"सायब, गाडी देवळाला जाऊंद्या," ती हळूच म्हणाली. "मंग काय करायचं ती करा."

मी काहीच केलं नाही. देवळापाशी आबासाहेबांनी सगळ्यांत आधी पुंजारामच्या पायांवर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला तेच आबासाहेब सगळ्या टोळीसमोर गरजले, "काल तीन तास ताठ बसला! मी सोता बघितलं. आन् हितं दुपारी लोळतो! सायब, नाव काढा ह्याचं."

सगळे माझ्याकडं बघू लागले. खरं काय ते मी एका वाक्यात सांगू शकत होतो. नाव राहिलं असतं आणि सोंग गेलं असतं. तेवढ्यात चांगुणा पुढं झाली.

"त्यांनी न्हाई मान धरली, आबासायेब. काल गाडीत..."

"गप ऱ्हा!" पुंजाराम ओरडला. त्याचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग तो मुकादमाकडं वळला. "व्हय आबासायेब, मी कामावर सोंगच करीत हुतो. मला कसला आजार न् बिजार. काढा नाव."

टोळीत हशा पिकला. चांगुणानं तोंडाला पदर लावला. पुंजाराम माझ्याकडं बघत होता, टक्क उघड्या डोळ्यांनी. त्या डोळ्यांतली विनवणी मला कळली. मी मान खाली घातली आणि त्याच्या नावावर रेघ ओढली.

सकाळची वेळ होती. तो घराकडं ताठ चालत गेला, आणि लोक एकमेकांना त्याची चाल दाखवत राहिले.