मोरागच्या काठ्यांचा कोन

मोरागने तपासणीच्या काळ्या फळीवरून चेंडू मारला आणि गोल्फची काठी उलटी करून क्लबात काठ्या दुरुस्त करणाऱ्या रुअरीपुढे धरली. पात्याच्या तळाला लावलेल्या चिकटपट्टीवर फळीचा काळा डाग उमटला होता. मधोमध नव्हे, अगदी टोकाशी.

"पुन्हा मारा, काकू."

पुन्हा टोकाशीच.

दाराशी उभा असलेला तिचा नवरा डूगल हसला. "अरे, काठीला काय विचारतोस? मनगटं बघ तिची! बोलून बोलून घसा कोरडा पडला माझा, चेंडू आपला उजवीकडेच!"

चहा पीत बसलेले दोघे सभासदही हसले. स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरच्या त्या क्लबात आता त्याचं हे बोलणं सगळ्यांना पाठ झालं होतं. मोराग शनिवारच्या अंतिम सामन्यातून नाव काढून घ्यायला निघाली होती. आधी काठ्या तर तपासू, म्हणून रुअरीनेच तिला दुरुस्तीच्या खोलीत ओढून आणलं होतं.

"मनगटं ठणठणीत आहेत," रुअरी म्हणाला. "दांडा आणि पात्यामधला कोन चुकलाय. कुणीतरी काठी नुसती जमिनीवर टेकवून, पातं सपाट बसेपर्यंत वाकवलीय. फटक्यात दांडा खाली झुकतो, म्हणून टेकवल्यावर पात्याचं टोक जरा वरच हवं. कुठल्या शहाण्याने केलं हे?"

डूगलच्या तोंडचं पाणी पळालं. हिवाळ्यात स्वयंपाकघराच्या फरशीवर मोरागला काठी टेकवून उभं करून, स्वतः गुडघे टेकून, टोकाखालची फट त्यानेच पाहिली होती. मग मागच्या शेडमध्ये एकेक काठी शिकंज्यात धरून वाकवली होती. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"जुन्या आहेत रे," मोराग चिकटपट्टी सोलत म्हणाली. "वाकल्या असतील आपोआप."

"आपोआप कसल्या! मीच वाकवल्या," डूगल म्हणाला. "मोराग, तुझं काहीच चुकत नव्हतं गं."

"माहीत आहे. मे महिन्यात माझ्या मैत्रिणीच्या, जीनच्या काठीने मारून बघितलं. सरळ गेला चेंडू."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी. स्वतःबद्दल शंका कधी येते तुला."

सभासदांनी कपात डोळे घातले. रुअरीने खाकरत पहिली काठी कोन सुधारायच्या यंत्रात अडकवली. "मग काकू, शनिवारचं नाव ठेवायचं ना?"

"ठेव की."

लग्न झाल्यापासून प्रत्येक सामन्यात तिच्या काठ्यांची पिशवी डूगलच्याच खांद्यावर असायची. त्याने सवयीने पट्ट्याला हात घातला.

"राहू दे," ती शांतपणे म्हणाली. "शनिवारी पिशवी जीन घेईल."