मिटणारं फूल

आमच्या निवडुंग मंडळाच्या वार्षिक स्पर्धेकडे एरवी काळं कुत्रंही फिरकत नाही. यंदा मात्र सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत रांग लागली होती. त्यातल्या कुणालाच निवडुंगाशी देणंघेणं नव्हतं. सगळ्यांना एकच कुंडी पाहायची होती.

ती घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अण्णांची. खरं तर त्यांच्या बायकोची, वहिनींची. त्यांना जाऊन आठ महिने झाले. वीस वर्षं त्यांनी तो गोल निवडुंग जपला. दर स्पर्धेच्या सकाळी रंगाच्या बारीक ब्रशने काट्यांमधली धूळ काढायच्या. तो एकदाही फुलला नाही. "माझ्याहून हट्टी आहे मेला," असं त्या कौतुकाने म्हणायच्या.

तीन आठवड्यांपूर्वी तो फुलला. म्हणजे काटेमहाराजांच्या खोलीत सात दिवस राहून फुलासकट परत आला. हे नाव मी ठेवलेलं. गेलेल्या माणसाचं झाड त्यांच्याकडे ठेवलं की माणूस फुलातून उत्तरं देतो, असा त्यांचा दावा.

महाराज हातात पाण्याचा फवारा घेऊन टेबलाशी उभे होते. "ताई, सुखात असाल तर पाकळ्या मिटा," असं म्हणून त्यांनी फूल भिजवलं. पाचेक मिनिटांत गुलाबी पाकळ्या मिटल्या. लोकांनी हात जोडले. मग दिव्याच्या उबेला फूल पुन्हा उमललं. नाही म्हणायची सोय ताईंना ठेवलेलीच नव्हती. वहिनी असत्या तर पहिला नकार त्यांनी महाराजांनाच ऐकवला असता.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि या मंडळाचा परीक्षक आहे. कुंडी घरी आली त्याच दिवशी मी ते फूल ओळखलं होतं. पण त्या दिवशी अण्णांनी कित्येक आठवड्यांनी दाढी केली होती. माझ्यासमोर ते पोटभर जेवले. माझी जीभ रेटली नाही. म्हटलं, असू दे, कुणाचं काय जातंय.

स्पर्धेच्या सकाळी अण्णांनी सांगितलं, वहिनींच्या उरलेल्या तीनशे कुंड्याही संध्याकाळी महाराजांकडे जाणार. तेव्हा मात्र मी घरी जाऊन एक जुनं भेटकार्ड शोधून आणलं. त्यावर तसंच फूल चिकटवलेलं होतं. ते मी सोडवलं, टेबलावर ठेवलं आणि महाराजांच्याच फवाऱ्याने भिजवलं. सगळ्यांदेखत तेही मिटलं.

"महाराज, ही कुणाची ताई?" मी विचारलं.

लोक हसले. मी समजावून सांगितलं. हे सुकवलेलं फूल, पाकळ्या कागदासारख्या. ओल लागली की पाकळीची बाहेरची बाजू फुगते आणि ती आत वळते, वाळली की उघडते. त्यासाठी फूल जिवंत असावं लागत नाही. यावर महाराजांनी अश्रद्धांना शापबिप दिला आणि कुंडी उचलायला हात पुढे केला.

अण्णांनी तो हात बाजूला सारला. खिशातलं घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून ते झाडावर वाकले. चिमट्याने फूल उचकटलं. खाली तापवून लावतात त्या डिंकाचा थिजलेला थेंब होता, शेंड्यावरच्या पांढऱ्या लोकरीत पसरलेला. अण्णांनी तो कडेकडेने सोडवला. मग भिंग माझ्या हातात दिलं.

मी भिंगातून पाहिलं. डिंकाखाली गव्हाच्या दाण्याएवढी कळी होती. खरी. डिंक लागल्यावर कधीतरी ती वर यायला निघाली असणार. कोंडून काळी पडली होती.

"मास्तर, तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

अण्णांनी वहिनींचा ब्रश घेतला आणि काट्यांत अडकलेले डिंकाचे तंतू झाडू लागले. महाराज तोवर मागच्या दाराने पसार झाले होते. झाडाला काही चिकटवलं तर ते बाद, असा आमचा नियम आहे. बादची चिठ्ठी मलाच लावावी लागली.

म्हणून सांगतो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी फूल कुठे जोडलंय ते पाहा. आणि ठाऊक असेल तर त्याच दिवशी बोला. दुःखी माणसाची कीव येते म्हणून गप्प बसू नका. डिंक महाराजांनी लावला हे खरं. तीन आठवडे तो तसाच राहू दिला, तो मी.