तात्पुरता पिवळा

नकाशा कचेरीत तेहतीस वर्षं आरेखक म्हणून काढलेल्या त्या गृहस्थांना कचेरी 'बिनचूक' म्हणे. निवृत्तीनंतर फक्त कामाची जागा बदलली. चुका ते आता स्वयंपाकघरात काढत.

त्यांची सून वनखात्यात होती. त्या सकाळी ती अभयारण्याच्या कडेला बसवलेल्या कॅमेऱ्यातला फोटो घेऊन धावतच आली. गवतात खोकडाची मादी, म्हणजे कोल्ह्याची धाकटी चुलत बहीण, आणि चार पिल्लं.

"बाबा, चार आहेत. एक तर कॅमेराच चाटतंय."

बिनचूकांनी चष्मा दोनदा पुसला. "आणि तू म्हणत होतीस, खोकडं संपली."

"संपतील की. दुपारी तीनला सुनावणी आहे. अभयारण्याबाहेरच्या या गवताळ पट्ट्यावर गोदामं यायचीयत. अभयारण्य जागच्या जागी राहील हो, पण यांचे उंदीर गवतात, झाडांवर नाहीत."

"मग हा फोटो दाखव."

"साहेब नकाशा बघतात. मूळ नकाशात पट्टा पिवळा आहे. पिवळा म्हणजे पडीक." ती फोटोकडे बघत पुढे म्हणाली, "खाली सही तुमची आहे. म्हणून बोलले नव्हते."

बिनचूकांनी मग सुनेला सगळं सांगितलं. पट्टा हिरवाच रंगवायचा होता, पण हिरवी पेन्सिल संपली होती. नवी हवी तर भांडारात जुना तुकडा जमा करायचा, असा नियम. काटकसरी बिनचूकांनी तुकडा असा वापरला की जमा करायला काही उरलंच नाही. त्यांनी रीतसर अर्ज दिला आणि तोवर पिवळा फिरवला. मग त्यांची दुसऱ्या शाखेत बदली झाली. सरकारी कामात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं. हा पिवळा एकतीस वर्षं टिकला.

"अर्ज असेल अजून?" सुनेनं विचारलं.

"नकाशाच्याच फाईलमध्ये. पण तो वाचला की सगळ्या कचेरीला कळेल."

"काय?"

"मी चुकलो ते."

सून फोटो त्यांच्या हातात ठेवून चपला घालायला गेली. पिल्लाची जीभ बाहेर होती. बिनचूक त्या जिभेकडे बघत राहिले.

"थांब गं, मी येतो."

आणि असे निघाले की सुनेला मागून पळावं लागलं.

सुनावणीत फाईल उघडली. अर्ज होता, शेजारी शिक्काही होता; वाचला मात्र कुणी नव्हता. बिनचूकांनी तो उभं राहून स्वतः वाचला: "हिरवी पेन्सिल नसल्याने गवताळ पट्टा तात्पुरता पिवळा दाखवला आहे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे बिनचूकांची चूक?"

"एकच आहे साहेब. पण बेचाळीस एकरांची."

गोदामवाल्यांचा वकील म्हणाला, की पिवळा तो पिवळा. साहेब म्हणाले, की गवत ते गवत. त्यांनी फोटो पुन्हा एकदा पाहिला, परवानगी नाकारली आणि नकाशा दुरुस्त करायचा हुकूम लिहिला. मग खिशातली हिरवी पेन्सिल काढून पुढे केली. "तुम्हीच करा. तुकडा जमा करायची गरज नाही."

बिनचूक रंगवायला बसले. आनंदाच्या भरात हात भराभर चालत होता. शेवटच्या कोपऱ्यात रंग रेषेबाहेर गेला आणि ते एकदम थबकले.

"सूनबाई, बाहेर गेलं."

"जाऊ द्या बाबा," ती नकाशावर वाकून म्हणाली, "तिकडंही गवतच आहे."