टेबलावरचा गुडघा

मी एक जुना गुडघा आहे. दचकू नका मित्रांनो, मी कोणाच्या पायातला नव्हे. मी हाडांच्या डॉक्टरांच्या टेबलावरचा, प्लास्टिकच्या हाडांचा नि रबरी पट्ट्यांचा गुडघा. कारखान्यात एका बाईने माझ्या सांध्यातल्या गादीला निळा रंग दिला, मला दोनदा वाकवून पाहिलं आणि खोक्यात घातलं.

माझी उमेदीची वर्षं म्हाताऱ्या डॉक्टरांजवळ गेली. ते आधी विचारायचे, "दिवसभर काय काम करता?" मग मला वाकवून सगळं समजवायचे आणि शेवटी मला पेशंटच्याच हातात द्यायचे. "आता मी पेशंट, तुम्ही डॉक्टर. सांगा, माझं काय करणार?"

एक आजी म्हणाल्या, "आधी जीभ दाखवा!" सगळी खोली हसली. पण हसता हसता आजींनी ऑपरेशनचे फायदे-तोटे बिनचूक सांगितले. कोणी चुकलंच तर डॉक्टर म्हणत, "माझंच सांगणं कच्चं राहिलं," आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या हातांची ऊब माझ्यात अजून आहे.

ते देवाघरी गेले आणि त्यांच्या खुर्चीत पुतण्या बसला. हात कुशल, त्यात शंका नाही. पण कान? माझ्यावर त्याने गाडीच्या किल्ल्या अडकवल्या. पेशंट बोलू लागला की याचे डोळे स्क्रीनवर आणि तोंडात एकच, "समजलं ना?" समोरचा मान हलवणार. डॉक्टरांपुढे 'नाही समजलं' म्हणायची हिंमत कोणाची? शी! त्या 'समजलं ना?'ची मला किळस आली आहे.

एकदा फरशी बसवणारा मिस्त्री बायकोला घेऊन आला. उजवा गुडघा पार झिजला होता.

"सांधा बदलू. चालताना दुखणार नाही. समजलं ना?"

मिस्त्रीने मान हलवली, सही केली. बायको काही विचारणार, तोच बेल वाजली. पुढचा पेशंट!

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी तो बायकोसोबत ताठ चालत आला.

"झकास! अगदी नवरदेव दिसताय," डॉक्टर म्हणाले.

"तुमची कृपा, साहेब. कामावर कधी जाऊ? दोन घरांच्या फरश्या खोळंबल्यात."

"फरश्या? छे छे! उकिडवं बसणं, गुडघ्यांवर रांगणं विसरा आता."

"पण साहेब, फरशी काय उभ्याने बसवतात?"

"अहो, मग हे आधी सांगायचं ना!"

आधी! मित्रांनो, मला ओकारी येत असती तर तिथेच आली असती.

बायको पुढे सरसावली. "आधी विचारायचं ना, साहेब. थोरली लेक नोकरीला लागेपर्यंत यांनी गोळ्यांवर दोन वर्षं काढली असती. दुखलं असतं, पण ठरवलं आम्ही असतं."

तिने किल्ल्या बाजूला काढल्या आणि मला उचलून वाकवलं. कितीतरी वर्षांनी माझा सांधा कुरकुरला.

"हे इथेच होतं? मग आम्हाला दाखवलं का नाही?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण घरातलं कोणी डॉक्टरांकडे निघालं, तर सोबत जा. 'समजलं ना?' कानावर पडलं आणि समजलं नसेल, तर मान हलवू नका. टेबलावरचा गुडघा उचला आणि म्हणा, पुन्हा सांगा. आणि उद्या तुमच्यातलंच कोणी त्या खुर्चीत बसलं, तर एवढं लक्षात ठेवा: किल्ल्या अडकवायला भिंतीत खिळा असतो. मला समोरच्याच्या हातात द्यायचं असतं.