थोरलीचं निलंबन

सिस्टर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, तरी गल्लीत त्यांना सगळे सिस्टरच म्हणत. बत्तीस वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्यात पुरुषांचा वॉर्ड सांभाळला आणि तेवढ्या काळात माणसांविषयी त्यांचं जे मत झालं ते काही चांगलं नव्हतं. पुरुषांविषयी तर विचारूच नका. म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी परसात सात कोंबड्या पाळल्या, पण कोंबडा ठेवला नाही. "नुसतं ओरडणारं आणि काम न करणारं एक दारात कशाला?" असं त्या विचारणाऱ्याला सांगत.

तरीही एक आलंच. त्यांचा धाकटा भाऊ.

हा भाऊ एका प्रशिक्षण संस्थेत व्यवस्थापन शिकवायचा. आयुष्यात कधी चार माणसांकडून काम करून घेतलं नाही, पण ते कसं करून घ्यावं हे तीस वर्षं हजारो लोकांना सांगितलं. संस्थेत त्याला सर म्हणत आणि निवृत्तीनंतरही ती सवय सुटू नये अशी त्याची फार इच्छा होती, म्हणून आपणही त्यांना सरच म्हणू. घरात फरशा बदलायचं काम निघालंय, आठ दिवस राहीन म्हणत सर एक बॅग घेऊन आले, त्याला आता तिसरा आठवडा लागला होता.

सर सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसत. सिस्टर त्या वेळी खुराड्यात राउंडवर असत. एकेक कोंबडी काखेत धरायची, तुऱ्याचा रंग बघायचा, डोळे बघायचे, गळ्याखालची पिशवी चाचपायची, रात्रभरात पडलेली शिट कशी आहे ते बघायचं आणि सोडायची. वॉर्डातही हेच केलं होतं, फक्त कोंबड्या "सिस्टर, मला आधी बघा" म्हणत नाहीत, एवढाच फरक.

सातांत जी करड्या पिसांची दांडगी कोंबडी होती तिला सिस्टर थोरली म्हणत. दाण्याला पहिली चोच तिची, दांडीवर कोपऱ्यातली उबदार जागा तिची. तिच्याखाली काळी, काळीखाली ठिपकी, असं करत करत सगळ्यात शेवटी बापुडी. बापुडी सगळ्यांच्या मागून दाणे टिपायची आणि मधूनमधून एखादी चोच खायची.

"ताई, हे तू रोज बघतेस?" सर एके दिवशी म्हणाले. "ही सरळ सरळ दादागिरी आहे. त्या गरीब कोंबडीचं खच्चीकरण चाललंय."

"तिच्या अंगावर कुठे जखम दिसते का?"

"जखमा मनाला होतात."

सिस्टरनी बादली खाली ठेवली. "हे बघ, प्रत्येकीला आपली जागा माहीत आहे म्हणून इथे रक्त सांडत नाही. नुसती मान उगारली तरी काम भागतं. दाण्याची भांडी मी दोन ठेवलीत, म्हणजे बापुडी उपाशी राहत नाही. माझं काम तेवढंच. बाकीचं त्यांचं त्या बघतात."

"ही सरंजामशाही झाली."

"चहा निवतोय तुझा," सिस्टर म्हणाल्या.

पुढे काय होणार हे सिस्टरना तेव्हाच कळायला हवं होतं. पण त्यांची जुनी मैत्रीण, जिच्याबरोबर त्यांनी अर्ध्या आयुष्याच्या ड्यूट्या काढल्या, तिचं ऑपरेशन निघालं आणि तिच्याजवळ बसायला दुसरं कोणी नव्हतं. चार दिवसांचा प्रश्न होता. सिस्टरनी एका कागदावर लिहून दिलं: पाणी दोनदा, दाणा दोनदा, अंधार पडायच्या आत दार लावणे. खाली लिहिलं, "याशिवाय काहीही करू नये." खाली दोन रेघाही ओढल्या.

उचलली जीभ लावली टाळ्याला हा सरांचा जन्मजात स्वभाव. हात मात्र ते क्वचितच उचलत. नेमके या चार दिवसांत उचलले.

सिस्टर परतल्या तेव्हा फाटकातूनच त्यांना आवाजावरून कळलं की घोटाळा आहे. व्हरांड्यात फळांच्या खोक्यात थोरली कोंडलेली होती. खोक्यावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर वीट. परसात पिसं उडाली होती. ठिपकीच्या शेपटीच्या मुळाशी रुपयाएवढी जखम होती, आणि काळी आणि आणखी दोघी त्या लाल ठिकाणावर आळीपाळीने टोचत होत्या. कोंबडीला रक्त दिसलं की ती थांबत नाही. आणि या गोंधळात दोन पांढऱ्याशुभ्र, अनोळखी कोंबड्या कोपऱ्यात डोकी खुपसून उभ्या होत्या.

"या कुठून आल्या?"

"बाजारातून," सर अभिमानाने म्हणाले. "बापुडीला सोबत हवी होती. समदुःखी. आणि थोरलीला मी थोडे दिवस बाजूला काढलंय."

"बाजूला म्हणजे?"

"निलंबित केलंय म्हण ना. सत्तेचं केंद्र हललं की खालचे लोक आपोआप वर येतात."

खालचे लोक खरंच वर आले होते. सिस्टरांच्या डोळ्यांदेखत बापुडी, ती गरीब, खच्ची झालेली, सगळ्यांचा मार खाणारी बापुडी, धावत गेली आणि तिने एका पांढरीच्या डोक्यावर अशी चोच हाणली की पांढरी जागीच बसली. मग तिच्या पाठीवर चढून तिने मानेची पिसं उपटायला सुरुवात केली.

सर ओशाळले. "सकाळपासून असंच करतेय ती. ज्यांना मी हिच्यासाठी आणलं त्यांनाच ही…"

"तिला विचारलं होतंस?"

पण टोमणे मारायला सिस्टरना वेळ नव्हता. त्यांनी पदर खोचला. ठिपकीला उचललं, जखम धुतली आणि त्यावर जांभळं औषध थापलं, म्हणजे लाल दिसणार नाही. तिला स्वयंपाकघरात टोपलीत ठेवलं. मग पांढरीला हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. पांढरीचा एक डोळा फेसाळला होता, गाल सुजून लिंबाएवढा झाला होता, आणि तोंडाजवळ नाक नेलं तर कुजकट वास. श्वासात खर्रखर्र. दुसऱ्या पांढरीच्या नाकातून पाणी गळत होतं.

"आणल्यापासून अशीच होती का?"

"थोडी शिंकत होती. मला वाटलं, प्रवासाचा शीण असेल."

सिस्टर सरळ आत जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावू लागल्या. बत्तीस वर्षांत असल्या वाक्यावर त्या एकदाही गप्प बसल्या नव्हत्या, त्यामुळे सर घाबरले.

जनावरांचे डॉक्टर संध्याकाळी आले. तरुण होते, कमी बोलत. त्यांनी एकेक कोंबडी बघितली आणि विचारलं, "नवीन कोंबड्या किती दिवस वेगळ्या ठेवल्या होत्या?"

"वेगळ्या?" सर म्हणाले. "अहो, पहिल्याच दिवशी वेगळं ठेवलं तर त्यांना परकं नाही का वाटणार?"

डॉक्टरांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "माझे भाऊ. व्यवस्थापन शिकवायचे."

"महिनाभर तरी लांब ठेवायच्या असतात," डॉक्टर म्हणाले. "सर्दीचा रोग आहे. पाण्यातून औषध द्या. अंडी सध्या खाऊ नका. आणि ज्या वाचतील त्या दिसायला बऱ्या होतील, पण रोग अंगात राहील. म्हणजे यापुढे इथे नवीन कोंबडी आणायची नाही आणि इथली कुणाला द्यायची नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सिस्टरना राग कोंबड्या आजारी पडल्याचा नव्हता, आजार त्यांनी आयुष्यभर बघितले. राग होता तो कागदावरच्या त्या दोन रेघांचा. दवाखान्यातही नातेवाईक असेच वागत. "काही खायला देऊ नका" असं लिहिलेल्या पाटीखाली बसून पेशंटला भरवत, आणि वर म्हणत, त्याच्याकडे बघवत नव्हतं हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सरांना उठवलं आणि हातात वाटी दिली. "कोमट मिठाचं पाणी आहे. दोघी पांढऱ्यांचे डोळे पुसायचे, दिवसातून तीनदा. आधी निरोगी बघायच्या, आजारी शेवटी. मधे हात धुवायचे. चपला बदलायच्या."

"मी? ताई, मला या गोष्टींचा अनुभव नाही."

"माहीत आहे. सगळ्यांना कळलंय."

सरांनी आधी रबरी हातमोजे मागितले, मग टॉवेल, मग कोंबडी चावते का ते विचारलं. पहिल्या दिवशी पांढरी त्यांच्या हातून तीनदा निसटली आणि एकदा त्यांच्या शर्टावर शिटली. सिस्टर पायरीवर बसून बघत राहिल्या. मदत केली नाही. चौथ्या दिवसापर्यंत सर कोंबडीचे पंख दाबून तिला मांडीवर घ्यायला शिकले. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ते कापसाने पापणी सोडवत, आणि तोंडाने "झालं, झालं" म्हणत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सहाव्या दिवशी दुपारी मोठी पांढरी त्यांच्या मांडीवरच मेली. दोनदा चोच उघडून श्वास घेतला आणि मान टाकली. सिस्टर आल्या, त्यांनी काय झालं ते बघितलं.

"ताई, घरात फरशांचं काम नाहीये," सर म्हणाले.

"माहीत आहे. एवढ्या दिवसांत अख्खा दवाखाना बांधून होतो."

"बायको म्हणाली, थोडे दिवस कुठेतरी जा. मी घरी बसल्यापासून तिच्या प्रत्येक कामात तोंड घालतो म्हणे. कपाटं कशी लावायची, भाजी कुठून आणायची. मला वाटायचं, मी मदत करतोय."

"तसंच वाटतं," सिस्टर म्हणाल्या. "आता हिला खड्डा खणून पूर. खोल खण, नाहीतर कुत्री उकरतील."

याहून मऊ बोलणं त्यांच्याकडे नव्हतं, आणि त्यांना शोधायचंही नव्हतं. सरांनी खड्डा खणला. दोन फूट सांगितले होते, तीन खणला.

दुसरी पांढरी वाचली. काळी मात्र गेली; तिला सर्दी झालेली कळलीच नाही इतक्या झटपट. ठिपकीची जखम भरत आली आणि ती टोपलीतून परत खुराड्यात गेली. साथ ओसरेपर्यंत सिस्टरनी थोरलीला व्हरांड्यातच ठेवलं होतं; आता तिला परत आणायचं ठरलं. आठवडाभर तिला मधे जाळी लावून बाकीच्यांच्या समोर ठेवलं, म्हणजे ओळख ताजी राहील. सर रोज विचारत, आता सोडायची का? सिस्टर म्हणत, थांब. शेवटी एके दिवशी तिन्हीसांजेला सिस्टरनी तिला दांडीवर नेऊन बसवलं. "उद्या सकाळी बघ. दोन चोचींत सगळं जागेवर येईल. मी ओळखते तिला."

सकाळी खुराड्याचं दार उघडलं. थोरली ऐटीत दाण्याच्या भांड्याकडे निघाली. ठिपकीने मान वर केली, जांभळी शेपटी फुलवली आणि आडवी आली. दोघी छाती भिडवून उडाल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा थोरली मागे सरली. मग बापुडीने तिला एक चोच मारली, आणि थोरलीने तीही मुकाट्याने खाल्ली आणि दुसऱ्या भांड्याकडे गेली.

सरांनी तोंड उघडलं.

"एक शब्द बोलू नकोस," सिस्टर म्हणाल्या.

सर बोलले नाहीत. साठी उलटल्यावर त्यांना हे जमलं, म्हणजे अगदीच वाया गेलेला माणूस नव्हे. सिस्टर मात्र दिवसभर चिडून होत्या. इतकी वर्षं रोज काखेत घेऊन बघितलेली कोंबडी, आणि ती आपल्याला कळलीच नाही, ही गोष्ट त्यांना भावाच्या मूर्खपणापेक्षा जास्त झोंबली.

आठवड्याने भावजयीचा फोन आला. सिस्टर तिला म्हणाल्या, "बोलावून घे त्याला आता. औषधाचा शेवटचा डोस काल दिला त्याने. एकही चुकवला नाही, खरं सांगते, मलाही पटत नाहीये." सर पलीकडे बॅग भरत होते, ते थबकून ऐकत उभे राहिले.

निघण्याआधी त्यांनी कुणी न सांगता खुराडं झाडलं, दांडी चुन्याने पुसली आणि खाली नवा भुसा अंथरला. भुसा फार जाड होता. निम्मा पुरला असता. रिक्षा वळून दिसेनाशी झाल्यावर सिस्टर फावडं घेऊन आत गेल्या. कोंबड्या त्या भुशात पोटापर्यंत बुडून उकरत होत्या, मजेत. सिस्टरनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. मग "उधळ्या कुठला" असं पुटपुटून त्यांनी ठिपकीला काखेत घेतलं आणि तिच्या शेपटीखाली नवी पिसं फुटली आहेत का ते बघू लागल्या.