पिसवेचे पंख

ताईच्या पहिल्या गेममध्ये एका पिसवेशिवाय काही नव्हतं. इवलीशी पिसू, आणि तिने घरभर उड्या मारत फिरायचं: उशीवरून कपाटावर, कपाटावरून पंख्याच्या पात्यावर. बटण एकच. हलकं टेकवलं की छोटी उडी, दाबून धरलं की मोठी. पण त्या एका उडीसाठी ताई किती महिने खपली होती, ते तिचं तिलाच ठाऊक. काठावरून पिसवेचा पाय सुटला तरी निमिषभर उडी घेता येईल, अशी तिने गुपचूप सोय करून ठेवली होती. खेळणाऱ्याला ती कळायची नाही. त्याला वाटायचं, वा, काय वेळेवर उडालो आपण. लोक गेम संपवायचे आणि लगेच पहिल्यापासून सुरू करायचे.

कंपनी म्हणजे घराच्याच पुढच्या दोन खोल्या. ताई कोड लिहायची, तिची शाळेपासूनची मैत्रीण चित्रं काढायची, आणि ताईचा धाकटा भाऊ बोलायचा. त्याला आई राजा म्हणायची, म्हणून सगळेच राजा म्हणायचे. बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. गेमला बक्षीस मिळालं तेव्हा मंचावर तोच गेला. भाषण 'आम्ही'ने सुरू झालं, मध्येच कुठेतरी 'आम्ही'चं 'मी' झालं आणि शेवटपर्यंत 'मी'च राहिलं. ताईने खाली बसून टाळ्या वाजवल्या. घरातलंच माणूस, म्हणून तिने ते मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या गेमसाठी एक प्रकाशक बाई पैसे लावायला तयार झाल्या. बोलणी करायला त्या घरीच आल्या.

"मागच्या वेळी नुसती उडी होती," राजा त्यांना सांगू लागला. "आता पिसू छतावर उलटी चालणार. दोरी फेकणार. हवं तेव्हा लहानमोठी होणार. वेळ थांबवणार. दर लेव्हलला काहीतरी नवं."

"एकच नवी गोष्ट घेऊ या," ताई म्हणाली. "दोरी घे हवी तर. मग त्या दोरीतून जेवढं निघेल तेवढं काढू. माणसाचा हात एका गोष्टीवर बसायच्या आत दुसरी आली, तर त्याला धड काहीच येत नाही. आणि काही येत नसलं की खेळायची मजा नाही."

राजा हसला आणि बाईंकडे वळला. "आमच्या ताईला एकच उडी येते. लग्नातही तेच. एक उडी मारली, पडली, आणि परत सुरुवातीच्या जागी हजर."

बाईंना हसू आलं. मग अर्थ ध्यानात आला तशा त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. चित्रकार मान खाली घालून बसली. चहाचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली आई मात्र मोकळेपणी हसली. "राजाचं आपलं काहीतरीच," ती म्हणाली.

ताईही हसली. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली त्याला तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि त्यावर घरात आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. आता तिला कळलं, की सगळ्यांच्या जिभेवर तो तयारच होता.

त्या दिवसापासून तिने राजाला कशालाच नाही म्हटलं नाही.

काम बिघडवणं सोपं होतं, पण ताई तशी नव्हती. राजाने सांगितलेली प्रत्येक करामत तिने चोख करून दिली, आणि दर करामतीपायी उडीतलं थोडं थोडं काढून घेतलं. पिसू छतावर चालायची तर उंच उडी अडचणीची, म्हणून उडी ठेंगणी झाली. दोरीसाठी दऱ्या रुंद केल्या, मग त्या उडीने पार होईनात. पिसू लहानमोठी होऊ लागली तशी काठावरची ती गुपचूप सोय काढावी लागली. वेळ थांबवता येऊ लागली, तेव्हा लोक उडी मारायचं सोडून नुसते थांबून राहू लागले. एका बटणाची सहा झाली. ताईला हे सगळं आधीच दिसत होतं. राजाला दिसत नव्हतं, कारण तो खेळायचाच नाही, दाखवायचा.

मग एकदा ताईच म्हणाली, "राजा, पिसवेला पंख दिले तर?"

राजा खुर्चीतून उठला. "ताई, आत्ता कुठे तुझं डोकं चालायला लागलं."

तो बाहेर गेल्यावर चित्रकाराने पेन ठेवलं. "पंख असल्यावर उडी कोण मारेल?"

"कुणीच नाही."

"मग?"

"मरायची वेळ आली की मुंगीला पंख फुटतात म्हणतात," ताई म्हणाली. "पिसवेला का फुटू नयेत? चार दिवसांत चित्रं दे."

चित्रकार तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पंख काढायला घेतले.

गेम होत आला तशी बाईंनी काही माणसं खेळून बघायला बोलावली. त्यांत एक शिक्षिका होती. पहिला गेम तिला फार आवडलेला, म्हणून सुट्टी टाकून आली होती. ती खेळायला बसली. पिसू दरीत पडली. पुन्हा पडली. राजा तिच्या पाठीशी उभा राहून सांगत होता, "आता लहान व्हा. दोरी! अहो, ते बटण नाही. वेळ थांबवा आधी." त्याने तिच्या बोटांवर बोटं ठेवून बटणं दाबली. शेवटी ती अवघडून म्हणाली, "मला हे जमणार नाही. मागच्या वेळी मला वाटलं होतं की मला चांगलं खेळता येतं."

ती पर्स उचलून गेली. बाकीच्यांनीही एकेक करून रिमोट खाली ठेवले. जाता जाता एकजण दुसऱ्याला म्हणाला, "एक ना धड, भाराभर चिंध्या."

राजाने ते ऐकलं. तो ताईला घेऊन जिन्यात आला. त्याचा चेहरा उतरला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज लहान झाला होता.

"ताई, खरं सांग. काय काढू?"

ताईला उत्तर तोंडपाठ होतं. दोरी ठेव, बाकी सगळं काढ, जुनी उडी परत आण. अजून वेळ होता. एवढं सांगितलं असतं तर गेम वाचला असता, आणि तोही. तो लहानपणी अंधारात तिचा हात धरायचा तसाच आता कठड्याला धरून उभा होता. ताईने ते पाहिलं. मग ती म्हणाली, "काही काढू नकोस. लोकांना सवय नाही, एवढंच. सुरुवातीला सगळं समजावून सांगणारी एक शिकवणी टाक."

त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने तिला मिठी मारली.

शिकवणी एवढी लांबली की बहुतेकांनी गेम तिथेच सोडून दिला. ज्यांनी नेट धरला ते पंख मिळाल्यावर सगळ्या लेव्हलवरून उडत शेवटाला पोचले आणि पैसे परत मागू लागले. लोकांनी राजाला नाव घेऊन झोडपलं. सगळीकडे पुढे केलेलं नाव त्याचंच होतं. बाईंनी त्याचे फोन घेणं बंद केलं. तो जेवणाचं ताट खोलीत मागवू लागला, मग ताटही तसंच परत येऊ लागलं.

आईने ताईला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला कळत होतं ना गं? मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तू ट्रे घेऊन उभी होतीस तेव्हा."

 आईने नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला घेतली.

वर्षभरात ताईचा नवा गेम आला. उडी आणि दोरी, बस्स. प्रकाशक त्याच बाई. लोकांनी डोक्यावर घेतला. राजा तेव्हा एका फोनच्या दुकानात लागला होता. आईच्या आग्रहाखातर तो एका रविवारी ताईसमोर बसून तो गेम खेळला. एक शब्द न बोलता, खूप वेळ. मग त्याने विचारलं, "हे तुला कधी सुचलं?"

खोटं बोलणं शक्य होतं. "जिन्यात तू विचारलंस ना," ताई म्हणाली, "त्याच्याही आधी."

राजाने मान डोलावली. रिमोट टेबलावर ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेला. पुढे तो आईला भेटायला यायचा, पण ताई घरी नसताना.

ताईने कंपनी मोठ्या जागेत नेली. चित्रकाराला तिने दुप्पट पगार देऊ केला. चित्रकाराने नाही म्हटलं.

"का? माझं काय चुकलं तुझ्याशी?"

"माझ्याशी काही नाही," चित्रकार म्हणाली. "पण मी काही दाखवलं आणि तू छान म्हणालीस, तर मला भीती वाटेल."

ताईने दुसरी चित्रकार घेतली. पोरगी हुशार होती, आणि ताई म्हणेल त्याला हो म्हणायची.